एस्मेराल्डा: बेचिराख नावांच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

काम नेमकं काय आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी माझं मलाच उमगणार नाही.

ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या नकाशावर अमेरिकेच्या नेवाडा राज्यातली एस्मेराल्डा काउंटी उघडली की गावांची चांगली दाटी दिसते. गोल्डफिल्ड, सिल्व्हर पीक, डायर, लिडा, पाल्मेटो, ब्लेअर, मिलर्स, कोलंबस, वीपा, गिल्बर्ट, डायमंडफिल्ड, कोलडेल, गोल्ड पॉइंट. प्रत्येकाला सारखाच ठिपका आणि बहुतेकांवर ‘हॅम्लेट’ म्हणजे वाडीचा शिक्का. पाहणाऱ्याला वाटावं, दर पंधरा मैलांवर चहाची टपरी असेल. भानगड अशी की ही नावं काही वर्षांपूर्वी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या नामसूचीतून घाऊक उचलून नकाशात ओतली गेली. त्या सूचीत आलेलं नाव सहसा जात नाही. माणसं मात्र केव्हाच उठून गेलेली असतात.

२०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ७२९ माणसं होती. क्षेत्रफळ साधारण ९,३०० चौरस किलोमीटर. आमचा बुलढाणा जिल्हा ९,६०० च्या थोडा वर, म्हणजे आकारानं जवळजवळ जुळी भावंडं. बुलढाण्याची २०११ ची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. बाबांना इथला आकडा सांगितला तर ते म्हणाले, “पुढचे हजार गाळले का?”

“नाही बाबा, सातशे एकोणतीस. माणसं.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी येतो.”

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लास वेगासला आलेत. बाबा निवृत्त तलाठी. बुलढाण्याच्या तीन तालुक्यांत मिळून बत्तीस वर्षं सजे सांभाळले. इथं सकाळी कॉलनीत फेरी, दुपारी मराठी बातम्या आणि संध्याकाळी पुन्हा फेरी, यात माणूस किती रमणार? ठरलं तर मग. प्रत्येक ठिपका डोळ्यांनी पाहायचा आणि योग्य तो शिक्का मारायचा. न पाहता एकही ठिपका हलवायचा नाही. कुंपण आणि मनाईचा फलक दिसला की रस्त्यावरूनच नोंद. फोटोत कुणाचा चेहरा नको, गाडीचा नंबर नको.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सीमोल्लंघन खरोखरच झालं. पहाटे साडेपाचला निघालो, यूएस ९५ महामार्गानं उत्तरेकडे. क्लार्क काउंटी संपली, नाय काउंटी लागली. बिटी गावात मोकाट गाढवं रस्ता अडवून उभी होती. बाबांनी काच खाली करून त्यांना “हुर्र” केलं, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एस्मेराल्डाची हिरवी पाटी आली तशी बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरून पाटीला हात लावला. आईनं घरून कागदाची आपट्याची पानं कापून दिली होती. ती मात्र गोल्डफिल्डला पोचेपर्यंत वाटायची नाहीत असं त्यांनी बजावलं.

सोनं वाटायला याहून योग्य गाव कुठलं? १९०२ मध्ये इथं सोनं सापडलं आणि चार-पाच वर्षांत वीसेक हजार माणसं गोळा झाली. नेवाडातलं सगळ्यात मोठं शहर होतं हे. ३ सप्टेंबर १९०६ रोजी जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची जगज्जेतेपदाची कुस्ती, चुकले, मुष्टियुद्ध इथल्या उन्हात ४२ फेऱ्या चाललं आणि गॅन्स जिंकला. १९०८ मध्ये चार मजली गोल्डफिल्ड हॉटेल उघडलं. पण १९१० च्या जनगणनेत गावात ४,८३८ माणसं उरली होती. १९१३ मध्ये पूर आला. जुलै १९२३ मध्ये आग लागली, ती चोरट्या दारूच्या भट्टीतून भडकली म्हणतात, आणि पन्नासच्या वर चौक खाक झाले. आज अडीचशेच्या आसपास लोक राहतात.

हॉटेल उभं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात पाहुणा उतरलेला नाही. काचेला नाक लावून आत पाहिलं तर पुढच्या दालनातल्या खांबांवर धुळीचा थर दिसला, एवढंच.

मला वाटलं होतं बाबा हॉटेलपाशी रेंगाळतील. ते मागच्या गल्ल्यांत शिरले. गल्ल्या आखीव, काटकोनात. पण दोन घरांच्या मध्ये सात-आठ मोकळे प्लॉट, आणि त्यांत दगडी पायऱ्या: तीन पायऱ्या चढायच्या आणि पुढं काहीच नाही, वाळू आणि झुडपं. एका पायरीवर बसून त्यांनी दशमी सोडली, वर शेंगदाण्याची चटणी टाकली आणि म्हणाले, “गावठाण दांडगं आहे. घरं तेवढी गेली.”

अर्ध्या पानाचं वर्णन मी मनात जुळवत होते, त्यांनी सहा शब्दांत उरकलं.

जेवताना त्यांना ‘हायग्रेडिंग’ची गोष्ट सांगितली. इथलं खनिज इतकं श्रीमंत होतं की खाणकामगार रोज चार खडे कपड्यांत लपवून नेत. लांबलचक चोरखिसे शिवलेले असत. कंपन्यांनी पाळी सुटताना कपडे बदलायच्या खोल्या सक्तीच्या करायचं ठरवलं, त्यावरून तंटे पेटले, संप झाले आणि डिसेंबर १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी इथं लष्कर पाठवलं. बाबा हसले. रात्री दोनला नदीत वाळूचे ट्रॅक्टर अडवायला त्यांना एकट्याला पाठवायचे, सोबत कोतवाल आणि एक बॅटरी. “आपल्याला लष्कर कोण देतं!”

दफनभूमीत ती प्रसिद्ध पाटी पाहिली: अनोळखी माणूस, ग्रंथालयातली खळ खाऊन मेला, १४ जुलै १९०८. बघायला येणारे पाटीशेजारी हसत फोटो काढतात. बाबांनी टोपी काढली. “उपाशी असंल बिचारा. खळ मैद्याचीच असते.”

दुपारी डायमंडफिल्ड. गोल्डफिल्डपासून काही मैलांवर, खडखडाटाच्या रस्त्यानं. नकाशात वाडी. प्रत्यक्षात दगडांच्या ढासळलेल्या भिंती, गंजून जाळी झालेले डबे आणि जांभळट पडलेल्या काचेचे तुकडे. मी फोनवर पर्याय चाळत होते: हॅम्लेट, लोकॅलिटी (नाव आहे, वस्ती नाही अशी जागा), अबँडन्ड...

“काय लिहितेस?”

“ओसाड असं लिहावं का बघतेय.”

“ओसाड कशाला? आपल्याकडे शब्द आहे की. बेचिराख.”

“पण हे जळालं नव्हतं, बाबा.”

“जळायचा काय संबंध? बे-चिराख. चिराख म्हणजे दिवा. जिथं दिवा लागत नाही ते बेचिराख. माझ्या सजात होतं एक, गावनमुन्यात तसंच लिहिलेलं.”

माझी मराठी दहावीपर्यंतची. मी आजवर बेचिराखमध्ये राखच पाहत आले. मग लख्ख कळलं की गोल्डफिल्ड १९२३ मध्ये जळून राख झालं, पण बेचिराख काही झालं नाही. निघता निघता सात वाजले, तेव्हा महामार्गाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या उजळत होत्या. बाबा बोटांवर मोजत राहिले. एका पडवीत रंगीत बल्बांची माळ होती, त्यातला प्रत्येक बल्ब धरायचा का असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

गोल्डफिल्ड: ‘व्हिलेज’. जिल्ह्याचं ठाणं म्हणून ‘टाउन’ लावायचा मोह झाला, आवरला. डायमंडफिल्ड: ‘लोकॅलिटी’, परित्यक्त. माझ्या तक्त्यात नवा रकाना घातला, शीर्षक: दिवा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस माझ्या मूर्खपणाचा.

बाबांना चावडी पाहायची होती, म्हणजे गोल्डफिल्डचं काउंटी कोर्टहाउस. शनिवारी ते बंद. मला शुक्रवारी सुट्टी होती, म्हणून १८० मैल हाकत आले. दाराला कुलूप. सुट्टी मला का होती? नेवाडा डे. राज्याचा स्थापना दिन ३१ ऑक्टोबरचा, पण सुट्टी शेवटच्या शुक्रवारी देतात. जी सुट्टी मला तीच कोर्टहाउसला, हे अख्ख्या रस्त्यात माझ्या डोक्यात आलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, “दाखला घ्यायला लोक अमावास्येला यायचे, तेव्हा मीही असाच हसायचो.”

मग सिल्व्हर पीकचा कच्चा रस्ता धरला. अल्कलीच्या ठिपक्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जादा चाक होतं, तेही मऊ. हवेचा पंप गॅरेजमध्ये. फोनला रेंज नाही. पाऊण तासानं एक पिकअप आली. पांढऱ्या मिशांचे आजोबा उतरले, काही न विचारता पंप काढून कामाला लागले. मग विचारलं, इकडे कुठे? मी नकाशा दाखवला. अल्कलीवर बोट ठेवून ते म्हणाले, इथं गाव आहे असं कोण म्हणतं?

मी म्हटलं, नकाशा.

ते इतके हसले की पंपाची नळी निसटली.

सिल्व्हर पीक दिसायच्या आधी क्लेटन खोऱ्यातले तलाव दिसतात. करड्या वाळवंटात निळे, हिरवे, पांढरट चौकोन, शेजारी ज्वालामुखीची काळीभोर टेकडी. इथं १९६६ पासून लिथियम काढतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून पहिल्या तलावात सोडायचं, ऊन-वाऱ्यानं आटलं की पुढच्यात. आधी साधं मीठ खाली बसतं, लिथियम पाण्यात घट्ट होत जातं. वर्ष-दीड वर्ष असं आटवल्यावर ते पाणी कारखान्यात जातं आणि लिथियम कार्बोनेटची पांढरी भुकटी बाहेर पडते. फोनच्या बॅटरीत जाते ती.

बाबा कुंपणाशी उभे राहून वास घेत होते. “लोणार.” लोणारच्या सरोवरातून पूर्वी पापडखार काढायचे, त्याचे जुने कागद त्यांनी हाताळलेत. तिथं उल्केनं केलेला खड्डा, इथं डोंगरांमधली बशी. पण दोन्हीकडे पाणी येतं आणि बाहेर जायला वाट सापडत नाही. सगळा खार मागं राहतो.

सिल्व्हर पीक जिवंत आहे. पोस्ट आहे, शाळा आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, भुंकणारी तीन कुत्री आहेत. दिवा: होय.

परतताना तीन मैलांवर ब्लेअर. १९०६ मध्ये एका मोठ्या कंपनीनं सिल्व्हर पीकच्या खाणी घेतल्या. कंपनी येणार म्हटल्यावर जागावाल्यांनी प्लॉटचे भाव अस्मानाला नेले. कंपनीनं शांतपणे तीन मैल बाजूला स्वतःचं गाव आखलं, शंभर मुसळांची खनिज कुटायची गिरणी घातली, रेल्वे आणली. बाबांना गोष्ट अर्धी सांगितली तेव्हाच ते मांडीवर थाप मारत म्हणाले, “समृद्धी!” महामार्गाची आखणी कानावर आली तेव्हा मेहकराकडे काय काय झालं ते त्यांनी पुढचे वीस मैल सांगितलं. ते इथं लिहीत नाही. ब्लेअरची गिरणी १९१५ मध्ये बंद पडली. आज डोंगराच्या उतारावर भिंतींचे जबडे तेवढे उभे आहेत. भाव चढवणाऱ्यांचं सिल्व्हर पीक टिकलं, शहाण्या कंपनीचं ब्लेअर बेचिराख.

मुक्काम टोनोपाला. ते नाय काउंटीत मोडतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

टाकी टोनोपालाच फुल केली, टायरवाल्याकडे चाक दाखवलं, पंप विकत घेतला.

मिलर्स: टोनोपाची चांदी दळणारं गाव होतं. आता महामार्गाकडेचा विसावा, चार झाडं, बाकं आणि स्वच्छतागृह. ट्रकवाले झोपलेले. दिवा आहे, पण खांबावरचा. बाबांच्या मते तो धरायचा नाही. “सरकारी दिवा घरात लागत नाही.”

तिथून पश्चिमेला उजव्या हाताला मॉन्टे क्रिस्टो डोंगर. १५ मे २०२० च्या पहाटे इथं ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. नेवाडातला १९५४ नंतरचा सगळ्यात मोठा. रस्त्याला तडे गेले, वाहतूक थांबली. मेलं कोणीच नाही.

हे मी सहज बोलून गेले. बाबांनी आकडा परत विचारला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा धक्का याहून कमी तीव्रतेचा होता. आठवड्याभरात पंचनाम्यांसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतले तलाठी बोलावले, त्यांत बाबा होते. दहा हजारांच्या घरात माणसं गेली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, खाली झोपलेलं घर. आम्हाला लहानपणी ते एवढंच सांगत की तिथं रात्री कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आज त्यांनी आणखी एक सांगितलं. नमुन्यात ‘कुटुंबप्रमुखाची सही’ असा रकाना होता. एका वाड्यात सही करायला सात वर्षांची पोर उरली होती. तिला लिहिता येत होतं म्हणून तिनं सही केली.

पुढं कोलडेलपर्यंत कोणी काही बोललं नाही.

कोलडेल: यूएस ६ आणि ९५ च्या फाट्यावर बंद पडलेला पेट्रोलपंप, मोटेल, खाणावळ. छताचे पत्रे वाऱ्यावर आपटतात. बेचिराख.

डायरला मात्र डोळे निवले. फिश लेक खोऱ्यात लसूणघासाची हिरवीगार वर्तुळं. मध्ये विहीर, तिच्याभोवती पाव मैल लांबीचा चाकांवरचा नळ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. १६० एकरांच्या चौकोनातले साधारण सव्वाशे एकर भिजतात. बाबा कळवळले, “चारी कोपरे पडीक!” सगळं पाणी उपशाचं आणि पातळी खाली चाललेली. पश्चिमेला बाउंड्री पीक, ४,००७ मीटर, नेवाडाचं सर्वोच्च टोक.

दुकानात बाबांना कॉफी मिळाली आणि गल्ल्यावरच्या बाईंशी माझ्यामार्फत संवाद. शाळा? आठवीपर्यंत. काउंटीत एकही हायस्कूल नाही, पोरं बसनं टोनोपाला जातात. दवाखाना? टोनोपाचं हॉस्पिटल २०१५ मध्ये बंद पडलं, आता जवळपास काही नाही. मग अडलं-नडलं तर? बाईंनी वर बोट दाखवलं. बाबांना वाटलं देव. त्या हेलिकॉप्टर म्हणत होत्या.

सिल्व्हर पीकच्या डोंगरांत, ऱ्हायोलाइट रिजवर, लिथियमच्या आणखी एका खाणीला केंद्र सरकारनं याच आठवड्यात मंजुरी दिली. त्याच जागी टीम्स बकव्हीट नावाचं पिवळ्या गुच्छांचं रानफूल उगवतं. साऱ्या जगात तेवढ्याच ठिकाणी, सगळं मिळून दहा एकरांत. डिसेंबर २०२२ मध्ये ते संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं. तिकडे गेलो नाही. त्या फुलाला भेटी देणाऱ्यांचे पाय नकोत. दुकानात विषय काढायचा होता, पण बाईंच्या गल्ल्यामागे खाणीच्या बाजूचं एक आणि विरोधातलं एक अशी दोन पत्रकं शेजारी शेजारी चिकटवलेली दिसली. मी कॉफीचे पैसे दिले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. दौरा नाही. गॅरेजच्या दारात पणत्या लावताना बाबा म्हणाले, आपल्या गल्लीतली चार घरं तुझ्या तक्त्यात बेचिराखच जातील. ती बँकेच्या ताब्यातली आहेत की भाड्याची, मला ठाऊकही नव्हतं. ते रोज दोनदा फेरी मारतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

दक्षिणेचा पट्टा. लिडा जंक्शनवरून पश्चिमेला वळलो.

गोल्ड पॉइंट आधी केलं. आधीचं नाव हॉर्नसिल्व्हर, इथल्या चांदीच्या खनिजावरून. पुढं सोनं लागलं, नाव बदललं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारनं सोन्याच्या खाणी थांबवल्या आणि गाव बसलं. नंतर काही हौशी मंडळींनी जुनी लाकडी घरं घेऊन हळूहळू डागडुजी केली. बाहेरून पाहावं तर मोडकळीस आलेलं गाव, पण खिळे नवे. आज कुणीतरी अंगणात ट्रकचं इंजिन उघडून बसलं होतं. हात वर केला, आम्हीही केला. दिवा: होय, मोजके.

पाल्मेटो: १८६० च्या दशकातला तळ. खाणवाल्यांना जोशुआ वृक्ष ताडाचे भाऊबंद वाटले, म्हणून पाल्मेटो. झाडं अजून आहेत, फसणारं कोणी नाही. एक दगडी भिंत. बेचिराख.

त्या भिंतीच्या सावलीत बाबांनी जे सांगितलं ते सगळं उतरून ठेवते. आपल्याकडचं बेचिराख गाव कागदावर मरत नाही. त्याला शिवार असतं, गट नंबर असतात, सारा लागतो. शेजारच्या गावचे लोक जमीन कसतात. पडक्या पांढरीत मारुती उभा असतो, त्याला शनिवारी कोणीतरी तेल घालून जातं. “इथं गावाला शिवारच नाही.” खरं आहे. या काउंटीतली जवळजवळ सगळी जमीन केंद्र सरकारची. गाव म्हणजे खाणीच्या तोंडाशी आखलेले प्लॉट. खाण आटली, माणसं उठली की त्या नावाखाली जमिनीचा तुकडा उरत नाही. नाव वाऱ्यावर. मग ते नामसूचीत जाऊन बसतं आणि तिथून माझ्या नकाशात.

ठिपके खोटे का वाटतात हे मला महिनाभर नीट सांगता येत नव्हतं.

लिडा: रस्त्याकडेला कुंपण, आत झाडं, काही जुनी घरं, खासगी मालमत्तेचे फलक. धूर नाही, कुत्रं नाही, गाडी दिसली नाही. पण पाण्याचा हौद भरलेला. सकाळचे साडेदहा. दिवा: कळत नाही. ठिपका तसाच ठेवला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चावडी उघडी!

१९०७ मधली दगडी इमारत, आजही चालू. वरच्या न्यायालयात टिफनीचे दिवे तेव्हापासूनचे. दिव्यांच्या रकान्यात हे घालायचे का, बाबांना विचारलं. “हे सरकारी, पण जुने. घाल.”

नोंदणी कार्यालयातल्या बाईंना मी सांगितलं की माझे वडील भारतात जमिनीचे दप्तर सांभाळायचे. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्यांच्याकडे. मग त्यांनी आतून १९०६ चं जाडजूड खातं काढून टेबलावर ठेवलं. चामड्याची पाठ, किरटं तिरकं अक्षर, शाई तपकिरी पडलेली. पानोपानी खाणींचे दावे. १८७२ च्या कायद्यानं एका दाव्याला जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद जागा. हा कायदा आजही चालतो. बाबांनी खिशातला पेन काढला, माझ्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. गुंठा म्हणजे ३३ फुटांचा चौकोन, १,०८९ चौरस फूट. नऊ लाखांना भागलं. “वीस एकर सव्वीस गुंठे.” बाईंनी गणकयंत्रावर करून पाहिलं, २०.६६ एकर. त्यांनी भुवया उंचावल्या.

पुढं भिंतीवरचा नकाशा. सहा मैलांचे चौरस, प्रत्येकात एक मैलाचे ३६ तुकडे, तुकड्यात ६४० एकर. ही मोजणी ६६ फुटांच्या साखळीनं झालेली. “आमची साखळी तेहतीस फुटांची,” बाबा मला म्हणाले, “बाईंना सांग, तुमची दुप्पट आहे.” सांगितलं. मग दोघं बांधावरच्या खुणांबद्दल बोलत राहिले. खुणेचा दगड लोक रात्री सरकवतात का? बाई म्हणाल्या, इथं पाइप रोवतात, आणि हो, सरकवतात. हे भाषांतर करताना माझी गरजच उरली नव्हती. एक जण हातानं सरकवल्याची खूण करत होता आणि दुसऱ्या मान डोलावत होत्या.

निवडणूक नुकतीच पार पडलेली, खोकी अजून कोपऱ्यात. जून २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत इथं ३१७ मतपत्रिका हातानं पुन्हा मोजल्या, त्याला सात तासांहून जास्त लागले. बाहेर आल्यावर बाबांना सांगितलं. आयुष्यभर निवडणूक ड्यूटी केलेला माणूस. मला वाटलं खदखदून हसतील.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “कमी मतं असली की प्रत्येक मत कोणाचं ते मोजणाऱ्याला माहीत असतं. हात जड होतो.”

२४ नोव्हेंबर, रविवार

आई-बाबा बुधवारी गेले. घर शांत आहे.

आज सगळे बदल चढवले. गोल्डफिल्ड, सिल्व्हर पीक, डायर: वस्तीची गावं, तिघांनाही स्वतःचं पोस्ट. गोल्ड पॉइंट: वाडी. ब्लेअर, कोलडेल, पाल्मेटो, डायमंडफिल्ड, मिलर्स, अल्कली: लोकॅलिटी, परित्यक्त. वीपा, गिल्बर्ट आणि कोलंबसपर्यंत पोचलो नाही, ते नियमाप्रमाणे जिथल्या तिथं. नावं एकही पुसलं नाही. बाबांनी बजावलं होतं की फेरफार करावा, नोंद खरवडू नये.

संध्याकाळी चिखलीहून फोन. घरात पाणी भरलं का, गाडीचं चाक बदललं का, मग मुद्द्यावर.

“लिडाचं काय केलं?”

“तसंच ठेवलंय. कळलं नाही ना काही.”

“कळंल कसं? सकाळी साडेदहाला गेलो आपण. पंचनामा करायला दिवसा गेलो आणि दिवा शोधत बसलो. संध्याकाळी जा.”

पुढची फेरी ७ डिसेंबर, शनिवार. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. पाच वाजता कुंपणाबाहेर, रस्त्यावरच थांबायचं, गाडीचे दिवे बंद. परतताना अंधारात गुरं मोकाट असतात, पन्नासच्या वर हाकायची नाही. पंप गाडीत ठेवला आहे.